विषम

रविवारी दाइगाचा फोन येईल, चेहरा दिसणारा.
तोवर ही उभी राहिली पाहिजेत.
नऊ ट्यूलिप. पैसे तिनं कॉर्कहून भरले,
आणि इथे एक ओल्या कानांचा पोरगा
पाच मजले चढून आला, सही घेऊन उतरला.
फुलं विषमच द्यायची असतात. सम मेलेल्यांना.
पोरगी दहा वर्षं बाहेर आहे, तरी विसरली नाही;
मी दारातच मोजली.

अठ्ठावीस वर्षं रीगाच्या प्रसूती वॉर्डात नाळा कापल्या.
देठही तसाच कापावा, धारदार सुरीनं, एका घावात,
पण तिरका.
कात्री नको, ती देठाचा गळा आवळते.
मग जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून
मानेपर्यंत गार पाण्यात, दोन तास.
बाळंही अशीच गुंडाळायचो आम्ही,
हात आत, चेहरा तेवढा बाहेर.

पाण्याखाली पान ठेवायचं नाही, तेच आधी कुजतं.
चिमूटभर साखर, लिंबाचे चार थेंब.
सफरचंदांची परडी दुसऱ्या खोलीत:
पिकतं फळ शेजारच्या फुलाला म्हातारं करतं.
हे मी एर्विन्सला सांगायचे दर वेळी.
‘म्हणजे तू मला,’ तो म्हणायचा, दर वेळी.

तळाशी पाच कोपेकचं नाणं. सासूबाईंचा उपाय.
उपयोग शून्य.
ज्या देशाचं नाणं, तो देशच टिकला नाही,
ते फुलं काय टिकवणार.
तरी टाकते.

रात्री फुलदाणी खिडकीच्या दोन तावदानांमध्ये,
जिथे पूर्वी आम्ही लोणी ठेवायचो.
सकाळी पाहावं तर बोटभर वाढलेली.
कापल्यावरही ट्यूलिप वाढतच राहतं,
मूळ नाही, माती नाही, आणि मान उजेडाकडे.
मी फुलदाणी फिरवते. दुपारपर्यंत पुन्हा तिकडेच.
दाइगाचा फोटो येतो तेव्हाही वाटतं,
ही जरा उंच झाली का?

शुक्रवारी एकानं मान टाकली.
टाचणीनं टोचलं फुलाच्या खाली, उठतं म्हणतात.
नाही उठलं.
उरली आठ.
टेबलावर आठ फुलं, आणि समोर माझं सूप.
घास उतरेना.
एक चांगलं, टवटवीत उचललं आणि खाली गेले
वाल्फ्रीड्सकडे, जो ट्रॉलीबस चालवायचा.
त्यानं साखळीपुरतं दार उघडलं.
“कोण गेलं?”
“कोणी नाही. एकच आहे, मोजा.”
त्यानं खरंच मोजलं.
म्हणाला, फुलदाणी नाही घरात.
म्हटलं, बिअरची बाटली चालेल,
पण पाणी रोज बदला, आणि बिअर आधी संपवा.

रविवारी दाइगा म्हणाली, “अजून तीच? दुकान चांगलं दिसतंय.”
दुकान!
मग पडद्याला नाक लावून,
“आई, नऊ होती ना?”
मोजायला शिकवलं, तिथेच चुकलं माझं.

मंगळवारी त्यातली दोन घेऊन ट्रामनं एर्विन्सकडे गेले.
त्याला आता सम चालतात.
सुरी नेली होती. देठ पुन्हा तिरके कापले,
काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी वाळूत रोवली.
बाकी काही घातलं नाही, नुसतं नळाचं पाणी.

आठवड्यानं परत गेले.
घरातल्या पाचांनी तोवर पाकळ्या टेबलभर गाळल्या होत्या,
रोज पाणी बदलून, रात्री तावदानांत निजवून.
त्याच्याकडची दोन जशीच्या तशी,
बरणीच्या काठावर बर्फाची पातळ साय.
थंडी, दुसरं काय.
साखर नाही, लिंबू नाही, नाणं नाही.
शेजारी पिकतं फळ नाही.

मी दोन पावलं लांबच उभी राहिले.